लसूण, आरसा आणि डब्लिनचा एक कारकून

हॉस्टेलच्या खोलीत रात्री दीड वाजता बॉस फाइट चालू आहे. समोर व्हॅम्पायर. तुमच्या हातात साधी तलवार असेल तर तो तुम्हाला लोळवणार, हे ठरलेलं. मग मागून कुणीतरी ओरडतं, अरे, होली वॉटर टाक, होली वॉटर! नाहीतर उजेडात ओढ त्याला! आणि आपण टाकतो, ओढतो, जिंकतो. व्हॅम्पायरला लसूण चालत नाही, आरशात तो दिसत नाही, बोलावल्याशिवाय घरात येत नाही, वाहतं पाणी ओलांडत नाही हे आपल्याला कुणी शाळेत शिकवलेलं नसतं. तरी पाठ असतं. आजीकडून हडळीचे उलटे पाय जसे पाठ होतात ना, तसंच.

फरक एवढाच, की हडळीचे पाय कुणी उलटे केले ते सांगता येत नाही. व्हॅम्पायरच्या दुबळेपणांची यादी मात्र कुणी केली, कधी केली, कुठल्या कागदांवर केली, हे बऱ्यापैकी सांगता येतं. त्या माणसाचं नाव ब्रॅम स्टोकर. लेखक म्हणून तो आज जगाला माहीत आहे. हयातीत मात्र लोक त्याला एका मोठ्या नटाचा मॅनेजर म्हणून ओळखायचे. आणि त्याआधी तो होता सरकारी कारकून.

८ नोव्हेंबर १८४७ रोजी डब्लिनजवळच्या क्लोन्टार्फमध्ये त्याचा जन्म झाला. पूर्ण नाव अब्राहम, वडिलांचंही तेच. वडील डब्लिन कॅसलमध्ये, म्हणजे तिथल्या ब्रिटिश सरकारच्या मुख्य कचेरीत नोकरीला. सात भावंडांत हा तिसरा. आयर्लंडात तेव्हा बटाट्याचं पीक बुडून भयंकर दुष्काळ पडलेला. घरातही हा पोर अंथरुणाला खिळलेला. सात वर्षांचा होईपर्यंत त्याला नीट उभंही राहता येत नव्हतं म्हणतात. आजार कोणता, ते डॉक्टरांना तेव्हा कळलं नाही आणि आजच्या अभ्यासकांनाही नाही.

अंथरुणावरच्या पोराला आई गोष्टी सांगायची. आई शार्लट ही स्लायगो गावची. १८३२ साली स्लायगोत कॉलऱ्याची साथ आली तेव्हा ती चौदा वर्षांची होती आणि तिने जे पाहिलं-ऐकलं ते आयुष्यभर तिच्या डोक्यातून गेलं नाही. माणसं पुरती मरायच्या आधीच पुरली जायची. एका उंच सैनिकाची गोष्ट तर ती हमखास सांगायची. तो मेला असं समजून पेटीत घालायला घेतला, पण पेटी पडली आखूड. पेटीवाल्याने त्याचे पाय मोडून बसवायचं ठरवलं आणि हातोड्याचा पहिला घाव बसताच मढं उठून बसलं. तो पुढे बराही झाला. मोठेपणी ब्रॅमने आईकडून या सगळ्या आठवणी मुद्दाम लिहून घेतल्या. मेलेला खरंच मेला आहे का, हा प्रश्न त्याच्याकडे कुठल्या भुताच्या पोथीतून आला नव्हता. तो घरातून आला होता.

मग एक विचित्र गोष्ट झाली. आजारी पोर बरं झालं आणि असं बरं झालं, की १८६४ मध्ये ट्रिनिटी कॉलेजात गेल्यावर सहा फुटांहून उंच, लालसर दाढीचा, मैदानं मारणारा गडी म्हणूनच सगळे त्याला ओळखू लागले. वक्तृत्वातही पुढे. तिथल्या दोन्ही जुन्या मंडळांची सर्वोच्च पदं त्याने भूषवली. आजच्या भाषेत सांगायचं तर जिमखाना आणि डिबेट, दोन्हीकडे चमकणारा मुलगा.

आणि असा मुलगा गेला कुठे? वडिलांच्याच हापिसात. डब्लिन कॅसलमध्ये फायली सांभाळायला. पुढे त्याला किरकोळ खटल्यांच्या न्यायालयांवर निरीक्षक नेमलं, तेव्हा आयर्लंडभर गावोगाव फिरून तो कोर्टाच्या कारकुनांची कामं तपासत असे. तिथे त्याला दिसलं, की प्रत्येक गावात वेगळी पद्धत. दंड कसा लिहायचा, नोंद कुठे करायची, कुणाचा कुणाला पत्ता नाही. म्हणून त्याने सगळे विखुरलेले नियम एकत्र करून एक जाडजूड पुस्तक तयार केलं. आयर्लंडमधल्या किरकोळ कोर्टांच्या कारकुनांची कर्तव्ये, असा त्याचा विषय आणि जवळपास तसंच नाव. १८७९ मध्ये ते छापून आलं. वाचायला महाकंटाळवाणं. पण हे पुस्तक लक्षात ठेवा. माझ्या मते ड्रॅक्युलाचा खरा बाप हेच पुस्तक आहे.

दिवसा कचेरी आणि संध्याकाळी नाटकं. डब्लिनच्या एका सांजदैनिकात तो फुकटात नाट्यपरीक्षणं लिहायचा. गंमत म्हणजे या पेपरच्या मालकांपैकी एक होता शेरिडन ल फानू, ज्याने १८७२ मध्ये कार्मिला नावाच्या स्त्री-व्हॅम्पायरची कथा छापली. १८७६ च्या डिसेंबरात नामवंत नट हेन्री आयर्विंग डब्लिनला हॅम्लेट घेऊन आला. स्टोकरने परीक्षण लिहिलं, आयर्विंगने त्याला जेवायला बोलावलं आणि जेवणानंतर एका खुन्याच्या पश्चात्तापावरची कविता म्हणून दाखवली. ती संपता संपता स्टोकरचा ताबा सुटला, तो अक्षरशः कोसळला. त्याने स्वतःच हे पुढे लिहून ठेवलंय, लाज न बाळगता. त्या रात्रीपासून तो आयर्विंगचा झाला.

दोन वर्षांनी, ४ डिसेंबर १८७८ ला त्याने फ्लॉरेन्स बाल्कमशी लग्न केलं. हिच्यावर आधी ऑस्कर वाइल्डचं प्रेम होतं. मग सरकारी नोकरी आणि पेन्शन सोडून नवराबायको लंडनला. आयर्विंगने लायसियम थिएटर घेतलं होतं आणि स्टोकर त्याचा मॅनेजर. हे काम त्याने सत्तावीस वर्षं केलं. हिशेब, तिकीटविक्री, पाहुण्यांची ऊठबस, अमेरिकेचे दौरे, आयर्विंगच्या नावाने ढिगाने पत्रं. नाटक संपलं की आयर्विंगची जेवणं पहाटेपर्यंत चालायची आणि तिथे हा हजर. १८७९ च्या शेवटच्या दिवशी मुलगा झाला, त्याच्या नावातही आयर्विंग! मुलगा मोठा झाल्यावर ते नाव टाकून नुसतं नोएल वापरू लागला. त्याने असं का केलं असेल, हे समजायला फार विचार करावा लागत नाही.

याच जेवणावळींमध्ये स्टोकरला भेटला रिचर्ड बर्टन. बर्टन हा हिंदुस्थानात कंपनीच्या फौजेत राहिलेला, ढीगभर भाषा शिकलेला प्रवासी. आपल्या वेताळ पंचविशीच्या गोष्टी त्याने १८७० मध्येच इंग्रजीत आणल्या होत्या आणि पुस्तकाच्या नावात वेताळाला चक्क व्हॅम्पायर करून टाकलं होतं. (राजा विक्रमाच्या पाठीवरचा आपला वेताळ रक्त पीत नाही, कोडी घालतो, पण साहेबाला कोण सांगणार?) स्टोकरच्या मनात मात्र बर्टनचे किस्से राहिले, तसे त्याचे दातही राहिले. बोलताना ओठ वर जायचा आणि सुळा पूर्ण दिसायचा, हे त्याने आठवणींत नोंदवलंय. तोच सुळा काउंटला लागला असं छातीठोक म्हणता येत नाही. पण म्हणावंसं वाटतं खरं.

१८९० च्या मार्चमध्ये त्याने कादंबरीची टिपणं काढायला सुरुवात केली. आपल्याला वाटतं, लेखकाला एका वादळी रात्री स्वप्न पडतं आणि तो धडाधड लिहीत सुटतो. इथे तसं नाही. सात वर्षं! तीसुद्धा लायसियमच्या धबडग्यातून चोरलेली. काही टिपणं तर थिएटरच्याच लेटरहेडवर आहेत. सुरुवातीला खलनायकाचं नाव होतं काउंट व्हॅम्पिर, आणि तो राहणार होता ऑस्ट्रियातल्या स्टिरियात.

त्या उन्हाळ्यात स्टोकर कुटुंब व्हिटबीला सुट्टीवर गेलं. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरचं हे बंदर. बाकीचे समुद्रावर आणि हा वाचनालयात! तिथे त्याला विल्यम विल्किन्सनचं वालेकिया आणि मोल्डाव्हिया या प्रांतांवरचं १८२० चं पुस्तक मिळालं आणि त्यात ड्रॅक्युला हे नाव. खाली तळटीप, की तिकडच्या भाषेत याचा अर्थ सैतान. झालं. व्हॅम्पिर खोडलं गेलं. लोक हमखास सांगतात, की माणसांना सुळावर चढवणाऱ्या राजा व्लाडच्या चरित्रावरून स्टोकरने ड्रॅक्युला रचला. पण त्या टिपणांत व्लाडचं नाव कुठेच नाही. त्याला फक्त एक दणदणीत नाव मिळालं होतं, बाकी तळटीपेपुरतंच ज्ञान.

व्हिटबीतच त्याने तटरक्षकांकडून जहाजफुटीची माहिती घेतली. १८८५ मध्ये दिमित्री नावाचं रशियन जहाज तिथे किनाऱ्याला लागून फुटलं होतं, नार्वा बंदराहून आलेलं. कादंबरीत जहाज आहे डिमीटर आणि ते येतं वार्नाहून. नार्वाची अक्षरं फिरवा, बघा काय होतं ते.

ट्रान्सिल्व्हानियात तो जन्मात गेला नाही. मग लसूण कुठून आली? एमिली जेरार्ड नावाच्या बाईंकडून. त्यांचा नवरा ऑस्ट्रिया-हंगेरीच्या घोडदळात अधिकारी आणि त्याची बदली ट्रान्सिल्व्हानियात झालेली. तिथल्या खेडुतांच्या समजुती गोळा करून या बाईंनी १८८५ मध्ये एक लेख लिहिला. रक्तपिपासू भुताच्या छातीत खुंटी ठोकायची, शवपेटीत गोळी झाडायची, फारच चिवट असेल तर मुंडकं तोडून तोंडात लसूण भरायची, हे सगळं त्या लेखात आहे. नोस्फेरातू हा शब्दही स्टोकरने तिथूनच उचलला. आणि स्कोलोमन्ससुद्धा! डोंगरात सैतानाची एक शाळा, एका वेळी दहा विद्यार्थी, जादूटोणा शिकायचा आणि शेवटी फी म्हणून दहावा विद्यार्थी सैतानाने ठेवून घ्यायचा. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये स्कोलोमन्सच्या तळघरात ज्यांनी रात्री घालवल्या त्यांनी या बाईंचे आभार मानायला हरकत नाही. ड्रॅक्युलाही याच शाळेत शिकला असं कादंबरीत सांगितलंय.

पण लोककथा म्हणजे सांगोवांगी. या गावात व्हॅम्पायर लसणीला भितो, पलीकडच्या गावात काट्याच्या फांदीला. कुठे तो सुजलेलं, लालबुंद मढं, कुठे नुसती सावली. हे वाचताना स्टोकरने काय केलं असेल? त्याने आयर्लंडच्या कोर्टांत केलं होतं तेच. यादी केली. काउंटच्या घरात आरसे नाहीत. आरशात प्रतिबिंब नाही. सावली नाही. उंबरा ओलांडायला कुणाची तरी मदत हवी. वाहतं पाणी ओलांडायचं तर भरती-ओहोटीच्या ठरावीक घडीलाच. संगीताचा परिणाम होत नाही. चित्रकाराने कितीही प्रयत्न केला तरी चित्र दुसऱ्याच कुणासारखं येतं. यातली आरशाची गोष्ट तर कुठल्या लोककथेतून आली ते सापडत नाही, ती स्टोकरचीच कल्पना असं बहुतेक अभ्यासक धरून चालतात.

गेम बनवणाऱ्यांना विचारा, राक्षस ताकदवान करणं सोपं असतं. हेल्थ बार वाढवला की झालं. कठीण असतं त्याचा दुबळेपणा ठरवणं, कारण तो असा हवा की खेळणाऱ्याला शोधावा लागेल आणि सापडल्यावर पटेल. कादंबरीच्या मध्यावर डॉक्टर व्हॅन हेल्सिंग सगळ्यांना बसवून काउंटला काय जमतं आणि काय जमत नाही, ते एकेक करून सांगतो. तो लांडगा होतो, वटवाघूळ होतो, धुकं होतो. पण आमंत्रण नसेल तर पहिल्यांदा घरात शिरू शकत नाही. मायभूमीच्या मातीशिवाय त्याला विसावा नाही, म्हणून तर मातीच्या पन्नास पेट्या जहाजातून लंडनला आणाव्या लागतात. शवपेटीवर रानगुलाबाची फांदी ठेवली तर त्याला बाहेर पडता येत नाही. हे प्रकरण वाचताना सरळ एखाद्या रूलबुकचं पान उघडल्यासारखं वाटतं. आणि ही माणसं जिंकतात ती शस्त्रांनी नव्हे तर कागदांनी. मीना हार्कर सगळ्यांच्या डायऱ्या, पत्रं, तारा टाइपरायटरवर उतरवून तारखेनुसार लावते आणि तेव्हा कुठे शत्रू काय चीज आहे ते कळतं. फाइल नीट लावल्याने राक्षस मरतो, हे फक्त कारकुनालाच सुचू शकतं!

आता एक धक्का. स्टोकरचा ड्रॅक्युला उन्हाने मरत नाही. तो भर दिवसा लंडनच्या पिकॅडिलीत फिरतो. दिवसा त्याची जादू चालत नाही, एवढंच. आणि शेवटी त्याच्या छातीत खुंटीही ठोकली जात नाही. सूर्यास्ताच्या तोंडावर जोनाथनची कुकरी त्याच्या गळ्यावर फिरते, अमेरिकन क्विन्सीचा सुरा काळजात घुसतो आणि काउंटची माती होते.

१८ मे १८९७ ला लायसियममध्ये या गोष्टीचं नाट्यवाचन झालं. नाटकाचे हक्क आपल्याकडे राहावेत म्हणून करायचा तो कायदेशीर सोपस्कार. काही तास चाललं. काउंटची भूमिका आयर्विंगने करावी ही स्टोकरची मनापासूनची इच्छा होती असं बरेच जण सांगतात. उंच, घारीसारखा चेहरा, समोरच्यावर मोहिनी घालणारा, सगळ्यांची शक्ती शोषून घेणारा मालक, हे वर्णन दोघांनाही चालतं. आयर्विंगने ती भूमिका कधीच केली नाही. त्याने वाचन ऐकून एका शब्दात वाटोळं केल्याचा किस्साही प्रसिद्ध आहे. आठवडाभराने, २६ मेला, पिवळ्या कव्हरवर लाल अक्षरं असलेली कादंबरी सहा शिलिंगला बाजारात आली. शेवटच्या टप्प्यापर्यंत तिचं नाव वेगळंच होतं, न मेलेला अशा अर्थाचं. परीक्षणं बरी आली, पण पैसा काही आला नाही.

पुढची वर्षं उताराची. १८९८ मध्ये लायसियमच्या पडद्या-नेपथ्याच्या गोदामाला आग लागली आणि मग थिएटर सावरलंच नाही. १९०५ मध्ये दौऱ्यावर असताना आयर्विंग गेला. त्याला वेस्टमिन्स्टर ॲबीत जागा मिळाली. स्टोकरला काय मिळालं? पुढच्या वर्षी पक्षाघाताचा झटका. त्यातूनही त्याने मालकाच्या आठवणींचे दोन खंड लिहून काढले. नंतर काही कादंबऱ्या लिहिल्या, पण ड्रॅक्युलाच्या जवळ जाईल अशी एकही नाही. १९११ मध्ये अडचणीतल्या लेखकांना मदत करणाऱ्या निधीकडे त्याला अर्ज करावा लागला. शंभर पौंड मंजूर झाले. २० एप्रिल १९१२ ला लंडनमध्ये तो गेला. पाचच दिवसांपूर्वी टायटॅनिक बुडालं होतं, पेपरांना दुसरं काही सुचत नव्हतं. आणि मृत्युलेख आले तेही मुख्यतः आयर्विंगचा मॅनेजर म्हणून.

फ्लॉरेन्स मात्र खमकी निघाली. १९२२ मध्ये जर्मनीत नोस्फेरातू हा मूकपट आला. गोष्ट ड्रॅक्युलाचीच, नावं तेवढी बदललेली, परवानगी नाही, पैसे नाहीत. तिने वर्षानुवर्षं खटला लढवला आणि १९२५ मध्ये सगळ्या प्रती नष्ट करण्याचा हुकूम मिळवला. काही प्रती तरीही वाचल्या. आणि याच चित्रपटाच्या शेवटी व्हॅम्पायर पहाटेच्या उन्हात विरून जातो! म्हणजे आज प्रत्येक गेममध्ये आपण ज्याला मूळ नियम समजतो तो उन्हाचा नियम स्टोकरचा नाहीच. तो चोरीच्या मालातून आलाय.

तिथून पुढची वाट आपल्या ओळखीची. १९३१ मध्ये बेला लुगोसीचा बोलपट. १९७४ मध्ये डन्जन्स अँड ड्रॅगन्सची पहिली पुस्तकं आली, त्यात व्हॅम्पायरसमोर लसूण, आरसा, क्रूस, वाहतं पाणी, खुंटी, ऊन अशी सगळी यादी छापली होती. १९८३ मध्ये त्याच खेळात रेव्हनलॉफ्टचा काउंट श्ट्राड, १९८६ मध्ये कॅसलव्हेनिया. स्कायरिममध्ये तुम्ही स्वतः व्हॅम्पायर झालात तर दिवसा तुमची तब्येत भरून येत नाही. विचर तीनमध्ये तर उलटा डाव, तिथले वरच्या दर्जाचे व्हॅम्पायर ऊन आणि लसूण दोन्हींना हसतात. पण हसण्यासाठीही आधी यादी पाठ असावी लागते.

ती मूळ टिपणं १९१३ मध्ये लंडनच्या लिलावात जेमतेम दोन पौंडांच्या आसपास विकली गेली. आज ती अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या रोझेनबाख संग्रहालयात आहेत. त्यात एक नियम असा आहे, जो स्टोकरने कादंबरीत वापरलाच नाही. काउंटचा कोडॅक कॅमेऱ्याने फोटो काढला, तर फोटोत एकतर नुसता काळा डाग येतो नाहीतर हाडांचा सापळा.